६० किलोवर अडलेला बार

जोर मारताना दम संपला तर माणूस जमिनीला टेकतो. बेंच प्रेस करताना दम संपला तर बार माणसाच्या छातीला टेकतो. एकट्याने व्यायाम करणाऱ्याचे वजन महिनोन् महिने एकाच आकड्यावर का अडते, याचे बरेचसे उत्तर या फरकात आहे. जिममध्ये सल्ला मिळतो तो आणखी घाम गाळण्याचा, नाहीतर प्रोटीनचा आणखी एक डबा आणण्याचा. पण अडलेल्या पुष्कळांचे स्नायू कमी पडत नसतात. उशाशी कोणी उभे नाही हे मनाला पक्के ठाऊक असते आणि शेवटचे बरेच रेप्स ते राखून ठेवते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात १२ जणांनी तेच वजन दोन वेळा उचलले. एकदा स्पॉटर, म्हणजे बार अडला तर धरायला उभे असणारे, समोर दिसत होते, एकदा नजरेआड होते. ते दिसत असताना रेप्स जास्त निघाले. प्रयोग छोटा, वजनही कमाल क्षमतेच्या ६० टक्केच. तरी मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

म्हणून पहिला उपाय स्नायूंचा नव्हे, भीतीचा. रॅक असेल तर बाकावर झोपून, छाती भरून रिकामा बार टेकवून पाहावा आणि सेफ्टी पिना त्याच्या बोटभर खाली लावाव्यात. बार अडकला की श्वास सोडून छाती सपाट करायची. वजन पिनांवर बसते. रॅक नसेल तर बारच्या टोकांना क्लिप लावू नयेत, म्हणजे अडचणीत एक बाजू कलती करून प्लेट्स खाली सोडता येतात. आवाज होतो, लोक वळून बघतात, बघू द्यावे. अंगठा मात्र बारभोवती गुंडाळलेलाच हवा. ‘त्यापेक्षा स्मिथ मशीन बरे’ असे कोणी म्हणेल. सुरक्षित ते आहेच, पण तिथला बार ठरलेल्या रुळावरून सरळ जातो. मोकळा बार छातीच्या खालच्या भागापासून खांद्यांच्या वर तिरका जातो आणि तो तोलही आपणच सांभाळायचा असतो. तिथे कमावलेली ताकद इथे पुरती उतरत नाही.

दुसरी अडचण निव्वळ हिशेबाची आहे. बहुतेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट सव्वा किलोची, म्हणजे दोन्ही बाजू धरून अडीच किलोची उडी. १०० किलोच्या स्क्वॉटला ती अडीच टक्के पडते, ६० किलोच्या बेंचला चारहून अधिक आणि ३० किलो उचलणाऱ्या मुलीला आठहून अधिक. अर्ध्या किलोच्या प्लेट्सची जोडी पिशवीतून नेली तरी हा पेच सुटतो. त्याही नसतील तर वजन तेच ठेवून पाचाचे आठ रेप्स होऊ द्यावेत, मग अडीच किलो चढवून पुन्हा पाचावर यावे.

यावर जुना आक्षेप असा की, हात थरथरून थांबेपर्यंत सेट केला नाही तर ताकद वाढत नाही. अभ्यासांचा एकत्रित कल तसा नाही: एकूण काम सारखे असेल तर अलीकडे थांबणाऱ्यांचीही ताकद जवळपास तेवढीच वाढते. जड वजन उचलणे हे मज्जासंस्थेचे कसबही असते आणि वेडावाकडा रेप वेडेवाकडेच घोटून घेतो. एक-दोन रेप्स शिल्लक ठेवले की थकवा आटोक्यात राहतो आणि ‘सोमवार छातीचा’ या रिवाजाऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा बेंच करता येते. बार छातीवर क्षणभर थांबवून उचलण्याचा सरावही यात बसतो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत पंचाच्या इशाऱ्याआधी बार उचलताच येत नाही.

खरी खोच वेगळीच आहे. ‘दोन शिल्लक आहेत’ म्हणणाऱ्याजवळ पुष्कळदा चार-पाच असतात. पिना लावलेल्या असतील तर अधूनमधून शेवटचा सेट थांबेपर्यंत नेऊन आपला अंदाज तपासता येतो. कमाल वजनाचा आकडा त्यासाठी उचलावा लागत नाही: रेप्सना ३० ने भागा, त्यात १ मिळवा, वजनाने गुणा. ६० किलोचे पाच रेप्स म्हणजे सुमारे ७० किलो. तरी प्रत्यक्ष उचलून बघायचेच असेल, तर त्या दिवशी शेजारच्या बाकावरच्याला हाक मारावी आणि आधीच सांगून ठेवावे, की बार खाली यायला लागेपर्यंत हात लावू नकोस.