गाडीत माल किती? डोळ्यांचा अंदाज आणि काट्याचा आकडा

दिवाळी सरली, की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी इथल्या कारखान्यांच्या वाटांवर उसाच्या भरगाड्या दिसू लागतात. चहाच्या टपरीवरचा प्रत्येकजण त्यांच्याकडे बघून टन सांगतो. सांगतो तो उंचीवरून, आणि पहिली गफलत तिथेच होते.

उंचीवरून जागा किती भरली ते कळतं, वजन नाही. उसात सुमारे सत्तर टक्के पाणी असतं. ताजा, सरळ, मोळ्या दाबून रचलेला ऊस आणि लोळलेला, वाकडातिकडा, पाचट राहिलेला ऊस एकाच ट्रेलरमध्ये सारख्याच उंचीपर्यंत भरला, तरी काट्यावर आकडे वेगळे येतात. तोडून दोन दिवस फडात पडलेला ऊस वाळून हलका होतो. उतारा घटतो तो वेगळाच. वाळूचंही तसंच. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. कोरडी वाळू असेल तर साधारण साडेचार टन. नदीतून उपसून पाणी गळत असतानाच भरली, तर पाच टनांच्या पुढे. पाण्याचा हिशेब सगळ्यात सोपा: एक लिटरला एक किलो. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर दहा टन पाणी वाहतो. तरी पिकअपवर हजार लिटरची टाकी चढवणाऱ्याला आपण एक टन लादला, हे चटकन जाणवत नाही.

दुसरा गैरसमज आर.सी. बुकाचा. त्यात रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा. वजाबाकी केली, की तेवढा सगळा माल भरता येतो असं धरलं जातं. पण कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालक आणि मदतनीस धरलेले नसतात. मागाहून बसवलेली लोखंडी जाळी, वाढवलेले फाळके, साखळदंड, जादा स्टेपनी हेही त्या आकड्यात नसतं. समजा, पिकअपची वजाबाकी 1,300 किलो आली. चालक आणि दोन गडी मिळून 200, जाळी आणि बाकीचं सामान 100. उरले 1,000. डाळिंबाचे क्रेट मोजायचे ते यात.

'पाटे वाढवले, आता दोन टन जास्त बसतील' हे तर गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. पाटे वाढवल्याने गाडी कमी दबते, इतकंच. ब्रेक, टायर, ॲक्सल, चासी तीच राहतात. उलट पाट्यांचं स्वतःचं वजन वाढतं. मला तर ही सगळ्यात घातक समजूत वाटते, कारण गाडी दबलेली दिसणं हीच चालकाला मिळणारी एकमेव सूचना असते आणि आपण ती पैसे देऊन बंद करतो.

एकूण वजन मर्यादेत असलं म्हणजे भागलं, असंही नाही. जुलै 2018 मध्ये केंद्राने ट्रकच्या चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली; मात्र आपल्या गाडीला लागू काय, ते आर.सी.वरच बघायचं. माल मागे सरकला, तर एकूण आकडा ठीक असूनही मागचा ॲक्सल ओझ्याखाली जातो आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही. हे तपासणं अवघड नाही. आधी सगळी गाडी काट्यावर घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा. काट्यालगतची जमीन सपाट हवी, नाहीतर आकडा फसवतो.

राहिली काटामारीची शंका. बाहेरचा काटा आणि कारखान्याचा काटा यांत थोडा फरक दिसला, की लगेच आरोप होतो. चालक एकदा आत, एकदा बाहेर, मधल्या वाटेत जळालेलं डिझेल, भिजलेला ऊस, चाकांचा चिखल: इतक्यानेही शंभर-दोनशे किलो हलतात. पण त्याच गाडीची, त्याच चालकासह लगोलग केलेली दोन वजनं दर खेपेला एकाच बाजूने चुकत असतील, तर गप्प बसू नये. वजनकाट्याची पडताळणी दर वर्षी करून घेणं बंधनकारक असतं. प्रमाणपत्र मागून बघा, आणि तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे करा.

जादा मालाचा दंड 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 आहे. भुईकाट्याची पावती त्यापुढे फारच स्वस्त पडते. तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी मोकळ्या गाडीचा, सगळं सामान आणि माणसं बसवून, एकदा काटा करून घ्या आणि ती पावती गाडीतच ठेवा.