दुकानात मूल जखमी झाल्यास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

किराणा मालाच्या एखाद्या प्रशस्त दुकानात, फ्रीजमधून पाझरलेल्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवरून पाच वर्षांचे मूल घसरले, त्याच्या मनगटाचे हाड मोडले, आणि व्यवस्थापकाने मलमपट्टीपुरते पैसे पुढे करून प्रकरण तेथल्या तेथे मिटवण्याचा आग्रह धरला, म्हणजे भांबावलेले आईबाप बहुधा राजी होतात. कारण कायद्याविषयी जे त्यांच्या कानांवर आलेले असते, त्यातील पुष्कळसे चुकीचे असते. भरपाईचा हक्क मुळात त्या मुलाचा आहे आणि पालक त्या हक्काचे केवळ विश्वस्त आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील समजुती किती घातक आहेत हे उमगते.

गैरसमज : मूल धावत होते, म्हणजे कसूर त्याचीच.
वस्तुस्थिती : जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने तेथे येणाऱ्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यावी, आणि मूल प्रौढाइतके सावध नसते हे गृहीत धरूनच घ्यावी, असे अपकृत्यविधीचे तत्त्व आहे. पालकांची हयगय न्यायालय विचारात घेऊ शकते. परंतु तेवढ्याने दुकानदाराचे दायित्व संपुष्टात येत नाही.

गैरसमज : ‘अपघातास आम्ही जबाबदार नाही’ अशी पाटी असली की उपाय खुंटला.
वस्तुस्थिती : पाटी टांगल्याने निष्काळजीपणाचे दायित्व आपोआप पुसले जात नाही. शिवाय अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीचा करार मुळातच शून्यवत असतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात १९०३ साली दिलेला असल्यामुळे, त्या पाटीला मुलाने संमती दिली असे म्हणणे टिकणे कठीण.

गैरसमज : पावती मुलाच्या नावाची नाही, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही.
वस्तुस्थिती : इस्पितळात इजा झालेल्या एका मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मूल आणि आईबाप, उभयतांना ग्राहक मानले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार गुदरता येते; मुदत सामान्यतः दोन वर्षांची. काहीच खरेदी केलेले नसल्यास ग्राहक म्हणून दाद मागणे अवघड जाते. पण दिवाणी न्यायालयाचे दार खुलेच राहते.

गैरसमज : पोलिसांत फिर्याद दिली की भरपाई मिळालीच.
वस्तुस्थिती : भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ अन्वये, बेदरकार किंवा हयगयीच्या कृत्याने जबर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाड मोडणे ही जबर दुखापतच होय, तथापि फौजदारी कारवाईचा मुख्य हेतू शिक्षा हा असतो, आणि उपचारांचा खर्च व झालेल्या यातना यांची भरपाई मागण्याचा मुख्य मार्ग दिवाणीच.

गैरसमज : काळ लोटला, आता दावा संपला.
वस्तुस्थिती : मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ६ मुळे मुलाला स्वतःच्या दाव्यासाठी अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, आणि त्यानंतर सामान्यतः आणखी तीन वर्षे, अवधी राहतो, पालकांच्या स्वतःच्या खर्चाच्या दाव्याला मात्र ही सवलत नाही. मूल अठरा वर्षांचे होण्यापूर्वी वादमित्रामार्फत, म्हणजे मुलाच्या वतीने दावा चालवणाऱ्या प्रौढ व्यक्तीमार्फत, दावा लावता येतो, आणि त्यात न्यायालयाच्या परवानगीवाचून तडजोड करता येत नाही.

गैरसमज : वकिलाचा खर्च आपल्याला झेपायचा नाही.
वस्तुस्थिती : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

हक्क शाबीत होतो तो पुराव्याने. म्हणून ओल्या फरशीची छायाचित्रे त्याच क्षणी घ्यावीत, साक्षीदारांची नावे टिपावीत, इस्पितळाच्या केसपेपरवर अपघाताचे ठिकाण नमूद करवून घ्यावे, आणि सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाण्याचा संभव असल्यामुळे, ते जपून ठेवावे असा लेखी अर्ज त्याच दिवशी देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. हे होईपर्यंत व्यवस्थापकाने पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये.