संगणकात बसविलेला नवा भाग सदोष निघाल्यास

आमच्या तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता रुग्णनोंदी, बिले व औषधसाठा संगणकावर ठेवण्याची पद्धत रुळली आहे. संगणक मंद झाला की गोंदिया वा नागपूरहून नवी रॅम किंवा एसएसडी आणून बसविली जाते. हा मार्ग योग्यच आहे. मात्र नवा भागच सदोष निघाला तर काय करावे, याचा विचार आपण व्यवसायबंधूंनी क्वचितच केलेला असतो.

पूर्णतः निकामी भाग फारसा त्रास देत नाही. संगणक सुरूच होत नाही आणि दोष तत्काळ कळतो. खरा घात करतो तो अंशतः सदोष भाग. ८ जीबीच्या रॅमपट्टीत शून्य वा एक साठविणारे सुमारे ६,८७२ कोटी सूक्ष्म कप्पे असतात. त्यांतील एखादाच दोषी असेल तर संगणक दिवसभर सुरळीत चालतो. त्या कप्प्यात माहिती पडली तरच ती बिघडते. संगणकाच्या अंकलेखनात १ चा ९ होण्यास एकच कप्पा उलटणे पुरेसे असते. हा अंक बॅच क्रमांकातील वा मुदतीच्या तारखेतील असेल तर? शेड्यूल ‘टी’ अन्वये ज्यांना उत्पादनाच्या नोंदी ठेवाव्या लागतात, त्या फार्मसीचालकांना याचे गांभीर्य सांगावयास नको.

म्हणून भाग बसविल्यानंतर संगणक अकारण पुन्हा सुरू होणे, निळा पडदा येणे, फाइल न उघडणे ही पूर्वरूपे दिसताच त्यावर नोंदी करणे थांबवावे. जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नये, अन्यथा बिघडलेली नोंद चांगल्या नोंदीची जागा घेते. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण घाबरून प्रथम हेच केले जाते.

निदानासाठी आपल्याच शास्त्रातील उपशय-अनुपशयाचा विचार येथे चपखल लागू पडतो. वीजपुरवठा पूर्ण बंद करून नवा भाग काढावा व जुन्यावर संगणक चालवावा. लक्षणे शमली तर संशय बळावतो, पण निश्चिती होत नाही. पट्टी नीट न बसल्यानेही हीच लक्षणे दिसतात. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवून पाहावी. दोष पट्टीबरोबर गेला तर पट्टी सदोष, खाचेपाशीच राहिला तर मदरबोर्ड. मेमटेस्ट८६ हा तपासणी कार्यक्रम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. त्यात एक जरी चूक वारंवार त्याच ठिकाणी दिसली तरी ती पट्टी वापरू नये. पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे, पुढे तोच पुरावा ठरतो. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. वीज काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो.

नामांकित कंपनीचा भाग सदोष नसतोच, हा समज चुकीचा आहे. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराची चूक १९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नायसली यांच्या ध्यानात आली. कंपनीने प्रोसेसर बदलून देण्यासाठी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद केली. २०११ मध्ये त्याच कंपनीच्या एका चिपसंचात काही सॅटा जोडण्या कालांतराने क्षीण होण्याचा दोष आढळला. म्हणजे बसविताना निर्दोष वाटलेला भागही महिन्यांनी दगा देऊ शकतो.

भाग परत करताना बिलावर त्याचा अनुक्रमांक असणे आवश्यक. भागावरील लेबल सोलू नये, वेष्टन वॉरंटी संपेपर्यंत जपावे. विक्रेत्यास लेखी कळवावे. तोंडी आश्वासनात आठवडे निघून जातात.

विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथे ती दाखल होते. त्यामुळे दिल्लीच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागविलेल्या भागासाठीही तिरोडेकरास गोंदियाचाच आयोग आहे. मुदत दोन वर्षांची असून, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. येथे एक अडचण ध्यानी घ्यावी. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ग्राहक ठरत नाही. तथापि केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू यातून वगळलेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात हा मुद्दा विशद केला आहे. स्वतः चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्यास याचा आधार मिळू शकतो. मोठ्या फार्मसीने मात्र वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

डिस्कची गोष्ट वेगळी. रॅम वीज जाताच रिकामी होते. सदोष डिस्क परत पाठविताना तिच्यासोबत रुग्णांच्या नोंदीही जातात. डिस्क चालत असेल तर सर्व माहिती पुसूनच ती द्यावी. पुसणे शक्यच नसेल तर बदली डिस्कचा लोभ सोडावा, जुनी नष्ट करून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी, आणि त्या खर्चाची नोंद वर्षाच्या हिशेबात घालावी.