'रक्त कमी आहे' म्हणण्याआधी

हिमोग्लोबिन साडेदहा, एमसीव्ही 64, तांबड्या पेशी 58 लाख. असा सीबीसी हाती आला की 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून देणं सोपं. पण लोह कमी पडलं की सहसा पेशींची संख्याही घसरते. इथे ती चढी आहे. 64 ला 5.8 ने भागलं तर उत्तर येतं 11. मेंट्झर यांनी 1973 साली मांडलेल्या या भागाकाराचं उत्तर 13 च्या खाली गेलं, तर शंका थॅलेसेमिया मायनरची. खात्री मात्र एचपीएलसीनेच.

उल्हासनगरात हा हिशेब टाळून चालत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली, 1949 साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पत्ता सांगताना लोक अजून कॅम्प नंबर सांगतात. देशात बीटा थॅलेसेमियाचे वाहक सरासरी 3 ते 4 टक्के. सिंधी, लोहाणा, पंजाबी समाजांत त्याहून बरेच जास्त. आजार दुर्मिळ की नाही, हे देशाच्या सरासरीवरून ठरतं. दवाखान्याच्या बाकावर सरासरी बसत नसते.

वाहकाला स्वतःला फारसा त्रास नसतो, म्हणून तर तो सापडत नाही. आई-वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला 'मेजर' होण्याची शक्यता 25 टक्के. बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. सहा महिन्यांनंतर फिकट पडू लागतं, दूध तोडतं, प्लीहा वाढते. मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं. एका पिशवीतून 200 मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरात जातं आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. म्हणून ते काढणारी औषधंही कायमची.

हे सगळं एमबीबीएसच्या पुस्तकांत आहे. कवटीच्या एक्स-रेवर ताठ उभ्या केसांसारख्या रेषा दिसल्या की विद्यार्थी चटकन नाव सांगतात. पण ती खूण उपचार धड न मिळालेल्या मुलाची. ओपीडीत त्यांच्यासमोर बसणार आहे ती तीन महिन्यांची गरोदर, जरा फिकट दिसणारी सून, आणि माझ्या मते शिकवण्याचा भर तिच्यावर हवा. त्यातही एक मेख आहे. लोहाची कमतरता सोबत असेल, तर वाहकाचं एचबीए-टू खाली येऊन रिपोर्ट चकवू शकतो. एरवी लोह भरून पुन्हा तपासता येतं. गरोदरपणात तेवढी सवड नसते, कारण वारेच्या पेशी घेऊन गर्भाची तपासणी करायची ती साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात. तेव्हा नवऱ्याचं रक्त त्याच दिवशी घ्यावं. गर्भाच्या तपासणीची सोय लांब नाही; परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे.

'आम्ही सिंधी नाही' हे उत्तरही पुरेसं नाही. परवडणाऱ्या घरांसाठी अंबरनाथ-बदलापुरात राज्यभरातून माणसं येतात. विदर्भात, नंदुरबारकडे आणि आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे वाहक आहेत. एक जोडीदार सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, तरी बाळाला आजार होण्याची शक्यता तीच 25 टक्के. सिकलसेलची साधी सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून जोडपं सुटलं असं होत नाही, कारण थॅलेसेमियाचा वाहक ती पकडतच नाही. एचपीएलसी दोन्ही पकडते, एकाच नमुन्यात.