पैलतीरावरचा पक्षी

इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफोक नावाचा परगणा आहे. तेथे दलदल, तळी आणि पाण्याचे चर पुष्कळ. हिवाळ्यात तेथे रानबदकांची शिकार चालते. छर्रे लागलेले बदक कित्येकदा चराच्या पलीकडच्या काठावर, उंच गवतात जाऊन पडते. ते नुसतेच जखमी झालेले असेल आणि लवकर सापडले नाही, तर तडफडत राहते. गार पाणी व चिखल तुडवून माणूस तेथे वेळेवर पोचत नाही. म्हणून हे काम कुत्र्याकडे सोपवलेले असते.

या कामासाठी प्रसिद्ध असलेली जात म्हणजे लॅब्रडॉर रिट्रीव्हर. रिट्रीव्हर म्हणजे शोधून आणून देणारा. त्याचे पूर्वज आजच्या कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांचे कुत्रे. एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटनमध्ये आणले गेले आणि १९०३ साली तेथील केनेल क्लबने लॅब्रडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ, तर खालचे आखूड, मऊ आणि दाट. जाड शेपूट पोहताना सुकाणूसारखी उपयोगी पडते.

मग अशा कुत्र्याला शिकवायचे काय? पाण्यात उडी मारणे त्याला उपजतच येत असेल ना? तसे नाही. पुष्कळशी पिल्ले पहिल्यांदा पाणी पाहून बिचकतात. अशा वेळी पिल्लाला उचलून पाण्यात टाकले, तर ते पोहते खरे. पण मनातून पाण्याला भिऊ लागते. एका गोष्टीचा दुसरीशी संबंध जोडून प्राणी कसे शिकतात, हे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. ‘पाणी म्हणजे भीती’ असा संबंध एकाच जबर अनुभवानेही जुळू शकतो आणि पुढे तो तोडणे फार कठीण जाते.

म्हणून पहिला धडा उन्हाळ्यात, उथळ आणि संथ पाण्यात देतात. याला कारण आहे. हवेपेक्षा पाणी उष्णतेचे वहन वीस पटींहून अधिक करते; त्यामुळे गार पाणी अंगातली ऊब भराभर ओढून घेते. शिक्षक स्वतः पाण्यात उतरतो, किंवा पोहण्यात तरबेज असा मोठा कुत्रा पिल्लासोबत देतो. मग तरंगणारी कापडी पिशवी जवळच टाकली जाते. तिला ‘डमी’ म्हणतात. ती आणली की लगेच शाबासकी. पाय टेकतात तेथपासून सुरुवात करून हळूहळू पोहावे लागेल एवढे अंतर वाढवतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीचा शेवट समाधानात होतो, ती प्राणी पुन्हा करू लागतो, असे त्यांना आढळले. कुत्र्याचा शिक्षक हाच नियम वापरतो. प्रत्येक पायरी इतकी लहान ठेवायची की कुत्र्याला यश मिळालेच पाहिजे!

खरी अडचण यापुढे येते. पाण्यात तरंगणारी डमी आणणारा कुत्रा पाण्यापलीकडची डमी आणतोच असे नाही. पोहताना त्याचे डोळे पाण्याच्या जेमतेम वर असतात. काठावरून दिसणारी वस्तू त्याला आता दिसत नाही. शिवाय आतापर्यंत वस्तू पाण्यातच सापडली, म्हणून तो तेथेच गोल गोल फिरत राहतो. यासाठी आधी दोन-तीन मीटर रुंदीचा चर निवडतात. डमी पलीकडच्या उघड्या काठावर, कुत्र्याच्या डोळ्यांदेखत टाकतात. ते जमले की अधिक रुंद चर, मग गवतात पडलेली डमी आणि शेवटी कुत्र्याला न दाखवता ठेवलेली डमी. तेव्हा शिट्टी आणि हाताच्या खुणेने दिशा सांगावी लागते. पलीकडे पोचल्यावर मात्र त्याचे नाकच वाट दाखवते. चर लांबलचक असावा, नाही तर हुशार कुत्रा पोहण्याऐवजी काठाने वळसा घालून जातो!

परतल्यावर आणखी एक गंमत होते. काठावर येताच कुत्रा डमी खाली टाकून अंग झाडतो. लॅब्रडॉर एका सेकंदात चार-पाच वेळा अंग हलवतो. कातडी झटकन दिशा बदलते, पण जडत्वामुळे पाणी पहिल्याच दिशेने जाऊ पाहते आणि थेंब उडून जातात. ऊब टिकवण्यासाठी हे आवश्यकच आहे. परंतु डमीच्या जागी जखमी बदक असेल, तर तेवढ्या वेळात ते निसटेल. म्हणून शिक्षक सुरुवातीला अगदी पाण्याच्या कडेला उभा राहून डमी हातात घेतो आणि मगच कुत्र्याला अंग झाडू देतो. नंतर तो रोज एकेक पाऊल मागे सरकतो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये रानपक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे. आपल्या पोलिसांच्या श्वानपथकांतील लॅब्रडॉर स्फोटके हुंगून शोधतात. त्यांचे शिक्षणही लहान पायऱ्या आणि तत्काळ बक्षीस यांवरच चालते.

तुमच्याकडे कुत्रा असेल तर घरच्या मोठ्यांच्या देखरेखीखाली हे करून पाहा. चेंडू आणल्याबरोबर शाबासकी द्या. काही दिवसांनी तो चेंडू पायरीपलीकडे, मग दाराआड टाका. कोणत्या पायरीवर कुत्रा गोंधळतो, ते वहीत टिपा. तेथे त्याला रागावू नका. आधीच्या पायरीवर परत या आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये आणखी एक लहान पायरी घाला.