मेंदूतील गाठी : लक्षणं ओळखा, वेळ दवडू नका



फिट आली की ‘बाहेरचं आहे’ म्हणून देवऋषाकडे धावणारी घरं आपल्या वस्तीत अजून आहेत. मोठेपणी पहिल्यांदाच आलेली फिट मेंदूतील गाठीमुळेही असू शकते.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिन्जिओमा, बायकांत जास्त आढळते. ती बहुधा साधी असते, सावकाश वाढते. ग्लायोमाचे काही प्रकार मात्र झपाट्याने वाढतात. एका बाजूचे हातपाय लुळे पडतात, बोलणं अडखळतं, स्वभाव बदलतो. पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीत बाजूचं दिसेनासं होतं, पाळी थांबते, बाळंतपण नसताना दूध येतं. कानाच्या नसेवरील गाठीने एका कानाचं ऐकणं कमी होतं. लहान मुलांत गाठ बऱ्याचदा लहान मेंदूत असते. सकाळी उलट्या होतात, चालताना तोल जातो. स्तनाचा, फुप्फुसाचा कॅन्सरही मेंदूत पसरतो.

साध्या डोकेदुखीला घाबरू नका. पण दुखणं दिवसेंदिवस वाढत असेल, सोबत उलटी, अंधुक दिसणं किंवा फिट असेल, तर लगेच सरकारी रुग्णालय गाठा. रेशनकार्ड, आधारकार्ड न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राला भेटा.

दुःखाला कारण असतं, हे बुद्धांनी शिकवलं. ते कारण गंडादोऱ्यात सापडत नाही, तपासणीत सापडतं.