महाकालाच्या नगरीतून महादेवाच्या डोंगरात

उज्जैन हे सपाट माळव्यातले शहर. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्या काळापासून येथे रुजलेल्या मराठी घराण्यांना देव आणि दप्तर ही दोन्ही क्षिप्रेच्या काठीच लाभली; गिरिशिखरे आणि वन्य श्वापदे पाहावयाची, तर मात्र नर्मदा ओलांडून सातपुड्यात पचमढीस जाणे भाग पडे. आता नर्मदा एक्स्प्रेस आम्हांस उज्जैनहून थेट पिपरियास पोहोचविते, आणि तेथून घाट चढून गेलेला प्रवासी त्याच सायंकाळी 1,352 मीटर उंचीच्या धूपगडावर सूर्यास्तासाठी उभा राहू शकतो. परंतु या डोंगरात केवळ पाहण्यासाठी जावे, ही कल्पना मुळातच अर्वाचीन आहे.

1818 साली नागपूरकर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले, ते येथे आले लपण्यासाठी. गोंड जमीनदारांच्या आश्रयाने त्यांनी महादेवाच्या डोंगरात काही महिने काढले आणि पुढे असीरगडाची वाट धरली. तो गड शिंद्यांचा. पाहुण्याला आसरा दिल्याचे निमित्त होऊन 1819च्या एप्रिलात तो इंग्रजांच्या हाती गेला, हे उज्जैनकरांनी तरी विसरू नये.

आप्पासाहेबांना जे अरण्य आडोसा म्हणून हवे होते, तेच चार दशकांनी कॅप्टन जेम्स फोर्सिथ याला इमारती लाकडाचा साठा आणि शिकारीचे रान म्हणून हवे झाले. 1862 साली त्याने पठारावर ‘बायसन लॉज’ बांधण्यास घेतले. हा बायसन म्हणजे आपला रानगवाच, आणि हल्ली त्या वास्तूत वनखात्याचे संग्रहालय आहे. बंदूकवाल्यांविषयी मला ममत्व नाही. तथापि फोर्सिथची नजर निव्वळ शिकाऱ्याची नव्हती, हे कबूल करावे लागते. 1871 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने नोंदविले, की साल वाढतो तो वालुकाश्मावर, काळ्या खडकाच्या जमिनीवर नव्हे; आणि पूर्वेकडील विस्तीर्ण सालवनांपासून फार दूर, देनवा नदीच्या खोऱ्यात, चोहोकडून सागाने वेढलेला सालाचा जो एकाकी तुकडा उरला आहे, त्यात सालवनाचे सोबती असणारे बारशिंगे आणि तांबडे रानकोंबडेही तसेच एकाकी राहिले आहेत. भूगर्भ, वृक्ष आणि प्राणी यांची सांगड घालणारे असे निरीक्षण आजच्या दुर्बीणधारी प्रवाशांपैकी किती जण करतील, याची मला शंका आहे.

1865 साली याच डोंगरातले बोरीचे जंगल राखीव झाले. पुढे मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात कारकून, कागद आणि हुकमांसह नागपूरहून पचमढीस चढू लागले. 1956च्या राज्यपुनर्रचनेत मात्र नागपूर मुंबई राज्यात गेले आणि मध्यभारतातले आमचे उज्जैन पचमढीच्या राज्यात येऊन पडले. म्हणजे ज्यांचे ते थंड हवेचे ठिकाण होते त्यांना ते परमुलखाचे झाले, आणि आम्हांस घरचे. विदर्भातील भाविकांनी ही सरहद्द जुमानली नाही. महाशिवरात्रीस त्रिशूळ खांद्यावर घेऊन ते चौरागड चढतात, आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वाराची वाट खुली झाली, की पावसाच्या धारांत त्या दऱ्यांतून मराठीच कानी पडते.

1972च्या कायद्याने शिकार संपली. 1981 साली सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले, आणि पुढे व्याघ्रप्रकल्पही. गाभ्यातील गावे हळूहळू बाहेर वसविण्यात आली, आणि गावकऱ्यांच्या सोडलेल्या शेतांवर आज गवत व त्यावर चरणारी जनावरे दिसतात. आमच्या दर्शनसुखाची ही किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे. मढईच्या प्रवेशद्वारी नावेने देनवा ओलांडून उद्यानात शिरावे लागते, आणि वाटाड्यासह पायी हिंडण्याची मुभा येथे आहे, जी बहुतेक व्याघ्रवनांत मिळत नाही. तरीही प्रवासी जीपमध्ये बसून वाघ वाघ करतात, आणि माथ्यावरच्या फांदीवरून शेपटी सोडून बसलेल्या शेकरूकडे त्यांचे लक्षच जात नाही.

फोर्सिथने पाहिलेले बारशिंगे मात्र मधल्या काळात नाहीसे झाले. गेल्या दशकात वनखात्याने ते कान्ह्याहून, म्हणजे त्याच पूर्वेकडील सालवनांतून, पुन्हा सातपुड्यात आणून सोडले आहेत. वाघ न दिसल्याने हिरमुसलेल्या उज्जैनकरांनी पुढल्या खेपेस निदान त्यांची चौकशी करावी.